माणसाचे मोल कोणाच्या नजरेत?

सन १९०१ च्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. सातारा जिल्ह्यातील मसूर या रेल्वे स्टेशनावर काही मुले गाडीतून उतरली. त्यांचे वडील कोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते आणि सुट्टीत मुले त्यांना भेटायला निघाली होती. अंगात नवे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या, पायांत नवे बूट, नेसूला रेशीमकाठी धोतरे अशा थाटात ती आली होती. वडिलांना पत्र वेळेवर न कळल्यामुळे त्यांना घ्यायला कोणीच आले नाही. सारे उतारू निघून गेले. मुले फलाटावर ताटकळत उभी राहिली. ते पाहून स्टेशनमास्तर जवळ आले आणि त्यांनी आपुलकीने चौकशी केली. पेहरावावरून ती त्यांना ब्राह्मणाची मुले वाटली होती. मग त्यांनी जात विचारली. मुलांनी भाबडेपणाने सांगून टाकले, आम्ही महार आहोत. त्यासरशी स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. ते मागे सरले आणि आपल्या खोलीत निघून गेले. पुढे बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि त्याने बाजूने पायी चालायचे या अटीवर! वाटेत रात्रभर त्या मुलांना पिण्याचे पाणी मिळाले नाही.

त्या मुलांपैकी नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा म्हणजे भीम. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच ही आठवण पुढे लिहून ठेवली आहे.

आता विचार करण्याजोगा प्रश्न असा की, त्या एका क्षणात नेमके काय बदलले? मुलांचे कपडे बदलले नाहीत. त्यांची बुद्धी, त्यांचा स्वभाव, त्यांचे बोलणे यांतले काहीही बदलले नाही. बदलली ती फक्त पाहणाऱ्याची नजर. एका क्षणापूर्वी जी मुले चौकशीला पात्र होती, तीच पुढच्या क्षणी विटाळाची धनी ठरली. मग माणसाचे मोल असते तरी कोठे? माणसात, की त्याच्याकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत? हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञानाचा नाही. आपल्या समाजाने तो पिढ्यान्‌पिढ्या अंगावर झेलला आहे आणि आपली शिकणारी मुले आजही तो झेलत आहेत. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्याची थोडी उकल करण्याचे योजिले आहे.

किंमत वेगळी, मोल वेगळे

आपल्या बोलीत किंमत आणि मोल हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. परंतु या लेखापुरता त्यांत फरक करणे सोयीचे होईल. समाज माणसाला जी देतो ती किंमत. माणूस आपल्या कर्माने, शीलाने आणि प्रज्ञेने जे कमावतो ते मोल. किंमत ठरवणारे दुसरे असतात. बाजारात धान्याचा भाव धान्य ठरवत नाही, तसेच हे आहे. मोल मात्र बाजारभावावर चढत-उतरत नाही.

पण एवढे म्हणून थांबणे म्हणजे स्वतःची फसवणूक करणे होय. "लोक काय म्हणतात त्याकडे लक्ष देऊ नका, तुम्ही चांगले असा म्हणजे झाले," असा उपदेश आपण अनेकदा ऐकतो. हा उपदेश करणारे बहुधा असे असतात की ज्यांना लोकांनी कधी पाणी नाकारलेले नसते. समाज देईल त्या किमतीवर माणसाचे घर, नोकरी, शिक्षण आणि कधी कधी जीवही अवलंबून असतो, हे आधी मान्य केले पाहिजे.

सन १९१७ चे उदाहरण घ्या. बाबासाहेब अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. झाले होते. लंडनमध्ये अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा पुढील अभ्यास त्यांनी सुरू केला होता. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी आले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. कारण तेथे त्यांच्याकडे तशा नजरेने पाहणारे कोणी नव्हते. बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच ती जाणीव परत आली. जायचे कोठे? हिंदू खाणावळीत प्रवेश नाही. अखेर एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव धारण करून त्यांनी मुक्काम केला. अकराव्या दिवशी डझनभर माणसे काठ्या घेऊन दारात आली आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास फर्मावण्यात आले. दोन मित्रांकडे त्यांनी विचारणा केली. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. हा उच्चविद्याविभूषित तरुण सार्वजनिक बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थी म्हणून सन्मान, आणि बडोद्यात निवाऱ्यालाही जागा नाही! माणूस तोच, विद्या तीच. फरक होता तो भोवतालच्या नजरेचा.

नजर मनात उतरते तेव्हा

दुसऱ्याची नजर केवळ दारे बंद करून थांबत नाही. ती हळूहळू आपल्या मनात उतरते, आणि आपण स्वतःकडे त्याच नजरेने पाहू लागतो. हा घाव अधिक खोल आहे, कारण तो दिसत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ साली हा विचार आरशाच्या उपमेने मांडला. दुसऱ्यांच्या मनात आपली प्रतिमा कशी असेल याची आपण कल्पना करतो, ते आपल्याविषयी काय मत करत असतील याचा अंदाज बांधतो, आणि त्यावरून आपल्याला अभिमान किंवा शरम वाटते. समाज हा जणू आरसा होय. आता आरसाच वाकडा असेल तर? पिढ्यान्‌पिढ्या ज्याला एकच वाकडा आरसा दाखवला गेला, त्याला आपला चेहराच वाकडा आहे असे वाटू लागले तर नवल ते काय?

अमेरिकेतच केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास लहान मुलांवर बाहुल्यांचे प्रयोग केले. गोरी बाहुली आणि काळी बाहुली समोर ठेवून मुलांना प्रश्न विचारले. त्यांतील चांगली कोणती, वाईट दिसणारी कोणती? बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनीही गोऱ्या बाहुलीला चांगली म्हटले. ती मुले शाळकरी वयाचीही पुरती झालेली नव्हती, पण समाजाची नजर त्यांच्यात भिनली होती. पुढे १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा या संशोधनाचीही दखल घेतली गेली.

आपल्या देशातील एक प्रयोग तर प्रत्येक शिक्षकाने आणि पालकाने लक्षात ठेवावा असा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अभ्यासकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जितकी कोडी सुटतील तितके पैसे मिळणार होते. जेव्हा कोणाची जात उच्चारली गेली नाही, तेव्हा तथाकथित वरच्या आणि खालच्या जातींतील मुलांच्या कामगिरीत फारसा फरक आढळला नाही. परंतु जेव्हा सर्वांसमक्ष मुलांची नावे त्यांच्या जातीसह वाचून दाखवली गेली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींतील मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. हे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. मुलांची बुद्धी दहा मिनिटांत कमी झाली नव्हती. फक्त आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जात आहे, याची त्यांना आठवण करून दिली गेली होती.

वर्गात नवीन आलेल्या मुलाला जेव्हा पहिल्याच दिवशी "पूर्ण नाव सांग, आडनाव काय?" असे खोचकपणे विचारले जाते, तेव्हा त्या प्रश्नाने काय घडते हे आता वेगळे सांगावयास नको. वसतिगृहात, महाविद्यालयात "हा कोट्यातून आला" अशी कुजबुज ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासाबरोबरच त्या नजरेचे ओझेही वाहावे लागते. काही विद्यार्थी आडनाव लपवतात, काही वर्गात बोलायचेच सोडतात, काही अर्ध्यावर घरी परततात. हा त्यांच्या गुणवत्तेचा पराभव नसतो.

तथागतांना "वृषल" म्हटले तेव्हा

या प्रश्नावर विश्ववंद्य तथागतांचे उत्तर काय आहे? सुत्तनिपातातील वसलसुत्ताची कथा येथे मननीय आहे. श्रावस्तीत भगवान भिक्षाटनासाठी निघाले होते. अग्गिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण अग्नीला आहुती देण्याच्या तयारीत होता. भगवंतांना दुरून येताना पाहून त्याने त्यांना तेथेच थांबण्यास फर्मावले, आणि मुंडक, वृषल अशा शब्दांनी हिणवले. वृषल म्हणजे हीन, अंत्यज. ज्यांना आज जग वंदन करते, त्यांनाही तुच्छतेची नजर चुकली नाही, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

भगवान रागावले नाहीत. मी क्षत्रिय कुळातला, मी राजपुत्र, असेही त्यांनी सांगितले नाही. तसे सांगितले असते तर जन्मावरून किंमत ठरवण्याचा त्या ब्राह्मणाचा नियमच त्यांनी मान्य केल्यासारखे झाले असते. त्यांनी शांतपणे उलट प्रश्न केला की, वृषल कोणाला म्हणतात आणि माणूस कशाने वृषल होतो, हे तुला माहीत आहे काय? आणि मग एकेक करून सांगितले. जो क्रोधी आहे, जो प्राण्यांची हिंसा करतो, जो कर्ज बुडवतो, जो खोटी साक्ष देतो, जो म्हाताऱ्या आई-बापांना सांभाळत नाही, जो स्वतःला चढवतो आणि दुसऱ्याला तुच्छ लेखतो, तो वृषल. जन्माने कोणी वृषल होत नाही आणि जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही. ते ठरते कर्माने. मातंग नावाच्या चांडाळकुळातील पुरुषाने मिळवलेल्या श्रेष्ठत्वाचा दाखलाही त्यांनी दिला.

म्हणजे तथागतांनी मोजण्याचे मापच बदलले. दुसऱ्याने लावलेले लेबल बाजूला सारून त्यांनी कृतीचे माप पुढे केले. त्या मापाने मोजू लागल्यावर हिणवणाऱ्यालाच स्वतःकडे पाहावे लागले. तो ब्राह्मण अखेर त्यांचा उपासक झाला.

याच्या जोडीने भगवंतांनी आठ लोकधर्मांची शिकवण दिली. लाभ आणि हानी, यश आणि अपयश, निंदा आणि प्रशंसा, सुख आणि दुःख हे वारे प्रत्येकाला लागतात. येथे एक बारकावा पाहावा. निंदेने खचू नये हे आपण ऐकतो, पण प्रशंसेने हुरळू नये हे सोयीस्करपणे विसरतो. ज्याला लोकांच्या टाळ्यांनी आपण मोठे झालो असे वाटते, त्याला लोकांच्या मौनाने आपण लहान झालो असेही वाटणारच. दोन्हींची दोरी दुसऱ्याच्याच हातात असते. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तातही भगवंतांनी भिक्खूंना हेच समजावले आहे. कोणी आपली निंदा केली तर चिडण्याऐवजी त्यात खरे किती, खोटे किती हे पाहावे. स्तुती केली तरी तेच करावे. दुसऱ्याचे मत ही तपासून घेण्याची गोष्ट आहे. ती मुकाट्याने शिरोधार्य मानण्याची गोष्ट नव्हे, आणि सरसकट धुडकावण्याचीही नव्हे.

परंतु भगवान केवळ मनाला धीर देऊन थांबले नाहीत. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्यांनी संघामध्ये पाहण्याची रीतच बदलली. शाक्य कुळातील अनिरुद्ध, आनंद आदी राजकुमार प्रव्रज्या घेण्यास निघाले, तेव्हा त्यांच्यासोबत उपाली नावाचा न्हावी होता. राजकुमारांनीच विनंती केली की, आधी उपालीला दीक्षा द्यावी, म्हणजे ज्येष्ठ म्हणून आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुलाभिमान गळून पडेल. तसेच झाले. पुढे हाच उपाली विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार म्हणून मान्यता पावला. राजगृहात कचरा उचलणारा सुनीत रस्त्यात भगवंतांना पाहून संकोचाने बाजूला झाला, तेव्हा भगवंतांनी त्याला संघात घेतले. ज्याला सारे टाळत होते तो वंदनीय थेर झाला. नजर आपोआप बदलत नाही, तिच्यासाठी संस्था आणि नियम उभे करावे लागतात, हा त्यातला धडा आहे.

बाबासाहेबांनी दोन्ही आघाड्या लढवल्या

बोधिसत्त्व बाबासाहेबांच्या कार्याकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांनी दोन आघाड्यांवर एकाच वेळी लढा दिल्याचे दिसते. एक बाहेरची नजर बदलण्याची, दुसरी आतली.

महाडचेच पाहा. रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले होते. कागदावर हक्क होता, पण नजर तीच होती. म्हणून २० मार्च १९२७ रोजी हजारो स्त्री-पुरुष तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायले. नंतर त्या तळ्यात शेण-गोमूत्रादी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते "शुद्ध" करण्यात आले! तळ्यात जनावरे पाणी पीत होती, तेव्हा ते अशुद्ध होत नव्हते. हा लढा पाण्यापुरता नव्हता, माणूस म्हणून नोंद होण्याचा होता. न्यायालयात तो दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पुढे २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केल्याचे जाहीर केले.

१९२७ च्याच डिसेंबरात महाडला भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी महिलांशी स्वतंत्र संवाद साधला. जातीची खूण सांगणारे लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, गळ्यातील आणि हातांतील जाडजूड दागिने टाका, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. वरवर पाहता ही पोशाखाची गोष्ट वाटते. परंतु समाज ज्या खुणांवरून किंमत करीत होता त्या खुणाच टाकून देण्याची ती शिकवण होती. आणि आयाबहिणींनी ती तत्काळ अमलात आणली.

अखेर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली. धम्मदीक्षेने आपल्याला नवा आरसा दिला. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अवघी अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ च्या जनगणनेत ती सुमारे २८ लाख झाली. दहा वर्षांपूर्वी गावाने दिलेले नाव सांगणारी माणसे गणनेच्या वेळी दारात आलेल्या कर्मचाऱ्याला स्वतः निवडलेले नाव सांगू लागली. जोहाराच्या जागी जयभीम आला. जोहार करताना मान खाली जात असे, जयभीम म्हणताना ती ताठ राहते. आपली किंमत दुसऱ्याने ठरवावी हे ज्या क्षणी आपण नाकारले, त्या क्षणी आपले मोल आपल्याला दिसू लागले.

आपण कोणाचे स्टेशनमास्तर?

येथवर आपण दुसऱ्यांच्या नजरेविषयी बोललो. आता थोडे कटू वाटले तरी स्वतःच्या नजरेविषयी बोलणे प्राप्त आहे.

मंगल परिणय जुळवताना आपण आजही पोटजात चाचपून पाहतो की नाही? मुलीचा रंग सावळा म्हणून नकार कळवतो की नाही? वस्ती सोडून वसाहतीत राहायला गेल्यावर वस्तीतील नातेवाइकांना घरी बोलावताना आपल्याला संकोच वाटतो की नाही? सफाईचे काम करणाऱ्या बांधवाला आपण विहारात पहिल्या रांगेत बसवतो, की देणगीच्या पावतीचा आकडा पाहून खुर्ची देतो? दहावीला कमी गुण मिळालेल्या मुलाला पाहुण्यांसमोर नावे ठेवणारे आई-वडील त्याच्या हाती कोणता आरसा देत असतात? शिकलेल्या लोकांनी समाजाकडे पाठ फिरवल्याची खंत बाबासाहेबांनी मार्च १९५६ मध्ये आग्रा येथे भर सभेत व्यक्त केली होती. ती आपल्याला उद्देशून नव्हती, असे कोणी म्हणू शकेल काय?

माणसाची किंमत दुसऱ्यांच्या नजरेवर ठरते हे जर खरे असेल, तर आपणही कोणाचे तरी "दुसरे" आहोत हेही तितकेच खरे आहे. आपल्या नजरेने एखादे मूल उभे राहते, आपल्याच नजरेने ते खचते. हे सामर्थ्य आपल्यापाशी आहे आणि म्हणून ती आपली जबाबदारी आहे.

विद्यार्थी मित्रांसाठी

शेवटी आपल्या विद्यार्थी मित्रांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, कोणी हिणवले तर ते मत म्हणून तपासा. त्यात अभ्यासाची उणीव दाखवली असेल तर ती भरून काढा. त्यात जन्माची उणीव दाखवली असेल तर ती हिणवणाऱ्याच्या समजुतीतील उणीव आहे, तुमच्यातील नव्हे.

दुसरी गोष्ट, आरक्षणाची शरम बाळगू नका. आरक्षणाने दार उघडते. आतली परीक्षा मात्र सर्वांसाठी एकच असते, आणि पदवी ती उत्तीर्ण झाल्यावरच मिळते.

तिसरी गोष्ट, अपमान एकट्याने गिळू नका. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये लोकांदेखत जातीवरून हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा आहे. अनुसूचित जातींच्या सवलती १९९० पासून बौद्धांनाही लागू आहेत. घरी सांगा, शिक्षकांना सांगा, आपल्या संस्थेकडे या. सुनीत एकटा असता तर बाजूलाच उभा राहिला असता. त्याला संघ मिळाला म्हणून तो उभा राहिला.

चौथी गोष्ट, तुम्ही वर गेल्यावर मागे वळून पाहा. तुमच्या गावचा, तुमच्या वस्तीतला एखादा मुलगा गोंधळून फलाटावर उभा असेल. त्याला जात, गुण, पगार विचारण्याआधी "बाळ, तुला कोठे जायचे आहे?" एवढे विचारा.

मसूर स्टेशनावर १९०१ साली तो प्रश्न विचारला गेला होता, पण उत्तर ऐकल्यावर विचारणारा माणूस मागे सरला. आपण मागे सरायचे नाही. माणसाची किंमत जगाने काहीही करो, त्याचे मोल ओळखणारी निदान एक नजर प्रत्येक लेकराला आपल्या समाजात मिळाली पाहिजे. तेवढे झाले तरी धम्मदीक्षेचे ऋण आपण काही अंशी फेडले असे म्हणता येईल.

जयभीम! नमो बुद्धाय!